रेचल कार्सन पुरस्कार नक्की कोणता? आणि फक्त स्त्रियांनाच का?

निळावंती

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वाचनगटात दर महिन्याला कुणीतरी एका विषयावर वीसेक मिनिटं बोलायचं असतं. या खेपेला माझी पाळी. पर्यावरणाचं काम करणाऱ्या स्त्रियांना मिळणारा आंतरराष्ट्रीय 'रेचल कार्सन पुरस्कार' हा विषय मी हौसेने घेतला. म्हटलं, चार-पाच मानकरी निवडायच्या, प्रत्येकीची गोष्ट सांगायची, झालं.

वाचायला बसले आणि डोकं गरगरायला लागलं. एके ठिकाणी पुरस्कार नॉर्वेचा, दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये त्याचा समारंभ, तिसरीकडे तर तो माणसाला नाही, पुस्तकाला मिळालेला! एका यादीत जवळपास सगळ्या अमेरिकन बायका, दुसरीची सुरुवातच नॉर्वेच्या लेखिकेपासून. हे सगळं एकच आहे की वेगवेगळं?

दुसरी अडचण. विषय कळल्याबरोबर गटातले एक काका म्हणाले, "हवा-पाण्याला कुठे बाई-पुरुष असतं? मग पुरस्कार वेगळा कशाला?" मी हसून वेळ मारून नेली, पण काका सोडणारे नाहीत. 'स्त्रियांना प्रोत्साहन मिळावं म्हणून' असलं गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये. कुणाचा अभ्यास असेल तर सांगा.

स्पष्टवक्ता

काकांशी सहमत. वेगळा कप्पा केला की स्पर्धा कमी, बाकी काही नाही.

आणि ज्या बाईंच्या नावाने हा पुरस्कार आहे त्यांच्या पुस्तकामुळे डीडीटी हे कीटकनाशक बंद झालं आणि मलेरियाने लाखो माणसं मेली, हेही भाषणात येऊ द्या. नेहमी एकच बाजू सांगितली जाते.

आडवाट

आले स्पष्टवक्ता. आता धागा शंभरी गाठणार.

निळावंती, गाळणकागद ताईंची वाट बघ. त्यांनी उभी हयात कीटकनाशकांचे अंश मोजण्यात घालवली आहे. कार्सनचं नाव निघालं की त्या येतातच.

गाळणकागद

आले. डीडीटीकडे नंतर वळते, तो विषय एका ओळीत उरकणारा नाही. आधी गुंता.

रेचल कार्सनच्या नावाचे पाच पुरस्कार तर मलाच माहीत आहेत. तुम्हाला हवा आहे तो नॉर्वेतल्या स्टावांगर शहराचा. १९९१ मध्ये सुरू झाला, वर्षाआड देतात, पर्यावरणासाठी ठसठशीत काम केलेल्या स्त्रीलाच देतात, देशाची अट नाही. पहिला मान सिडसेल मर्क या लेखिकेचा. सुरुवातीची नावं नॉर्वेचीच आहेत, १९९९ मध्ये अमेरिकेच्या थिओ कोलबॉर्नना मिळाला आणि मग यादी खऱ्या अर्थाने जगभर फिरू लागली.

न्यूयॉर्कवाला तो नॅशनल ऑडुबॉन सोसायटीचा, म्हणजे पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या जुन्या अमेरिकन संस्थेचा. २००४ पासूनचा, तोही स्त्रियांसाठीच, पण मानकरी मुख्यतः अमेरिकन. उरलेल्या तिघांचा तुमच्या विषयाशी संबंध नाही: विज्ञान आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक संस्था पुस्तकाला देते, अमेरिकेतले पर्यावरण-पत्रकारही पुस्तकालाच देतात, आणि पर्यावरणाच्या इतिहासकारांची संघटना पीएचडीच्या प्रबंधाला. हे तिन्ही पुरुषांनाही मिळतात. तुम्ही वाचलेल्या लेखांनी सगळ्यांची खिचडी केलेली दिसते.

स्टावांगरबद्दल दोन वाक्यं भाषणात जरूर घ्या. हे गाव एकेकाळी डबाबंद सार्डिन माशांवर जगायचं. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं, १९७२ मध्ये नॉर्वेची सरकारी तेल कंपनी निघाली आणि तिचं मुख्यालय इथे आलं. आज त्याला देशाची तेलनगरी म्हणतात. रसायन उद्योगाची झोप उडवणाऱ्या बाईच्या नावाचा पुरस्कार नेमका तेलाच्या पैशावर मोठ्या झालेल्या गावातून निघावा, हे मला भारी आवडतं. एखाद्या जंगलाकाठच्या निवांत गावातून निघाला असता तर त्यात ती टोचणी नसती.

आता काका.

कार्सन यांचं कीटकनाशकांच्या बेसुमार वापरावरचं पुस्तक 'सायलेंट स्प्रिंग' जून १९६२ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात क्रमशः आलं आणि सप्टेंबरात पुस्तक म्हणून. १ ऑक्टोबरला रसायनशास्त्रज्ञांच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकात त्याचं परीक्षण छापून आलं. मथळा होता: 'शांतता, मिस कार्सन'. एवढा मथळाच काकांना वाचून दाखवा. पुरुष शास्त्रज्ञाच्या पुस्तकावर 'गप्प बसा' असा मथळा कुणी दिला असता का, एवढंच विचारा.

बाई काही कुठून तरी उगवलेल्या नव्हत्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची १९३२ ची प्राणिशास्त्रातली एमए, नंतर अमेरिकन सरकारच्या मत्स्य खात्यात वर्षानुवर्षं नोकरी, समुद्रावरच्या पुस्तकाला १९५२ चं नॅशनल बुक अवॉर्ड. पण पीएचडी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, लग्न नाही. विरोधकांनी या तिन्ही गोष्टी वापरल्या. भावनाविवश म्हटलं, उन्मादी म्हटलं. वेल्सिकॉल या कीटकनाशक कंपनीच्या वकिलाने प्रकाशकाला दमदाटीचं पत्र धाडलं, मोन्सँटो या रसायन कंपनीने कीटकनाशकं नसलेल्या वर्षाचं एक भयाण विडंबन छापून वाटलं. एप्रिल १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीने दोन्ही बाजू दाखवल्या, तेव्हा उद्योगाच्या बाजूने पांढरा कोट घातलेले एक डॉक्टरसाहेब प्रयोगशाळेत उभे राहून बोलले. कार्सन घरी खुर्चीत बसून शांतपणे बोलल्या. त्या वेळी त्यांना स्तनाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. लोकांपासून त्यांनी हे लपवून ठेवलं होतं, कारण कळलं असतं तर 'आजारी बाई रसायनांवर राग काढते आहे' हे म्हणायला विरोधक मोकळे झाले असते. एप्रिल १९६४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

तेव्हा काकांना सांगा, हवा-पाण्याला बाई-पुरुष नसतं हे शंभर टक्के बरोबर. पण हवा-पाण्याबद्दल बोलणाऱ्याला असतं. आकडा खोडायचा तर मेहनत लागते, 'बाई हळवी आहे' म्हणायला काहीच लागत नाही. पुरस्कार ठेवणाऱ्यांनी बाईंच्या नावाने तो बायकांसाठी ठेवला, यात मला कप्पा वगैरे दिसत नाही.

एक विनंती. भाषणात 'स्त्री म्हणजे धरणीमाता, म्हणून तिला निसर्गाची ओढ' हे कृपा करून आणू नका. कार्सननी ओढीवर पुस्तक लिहिलं नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकची त्यांनी मांडलेली हकिगत बघा. तळ्यावर चिलटांसारख्या बारीक किड्यांचे थवे व्हायचे. चावत नव्हते, फक्त पर्यटकांना वैताग. म्हणून १९४९ मध्ये तळ्यात डीडीडी सोडलं, म्हणजे डीडीटीचा भाऊबंद. प्रमाण किती, तर सात कोटी भाग पाण्यात एक भाग. नगण्य! १९५४ मध्ये पुन्हा, जरा जास्त, १९५७ मध्ये पुन्हा. मधल्या काळात ग्रीब नावाचे पाणपक्षी मरायला लागले. त्यांच्या चरबीत डीडीडी निघालं १६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १६०० भाग. पाण्यात कधीही ०.०२ पीपीएमच्या वर गेलेलं नव्हतं. भागाकार तुम्हीच करा: ८०,००० पट.

हे होतं कसं, तर असली रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, आणि शरीराला ती मोडून बाहेर टाकता येत नाहीत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, म्हणजे प्लवकात, ५ पीपीएम. ते प्लवक खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, मोठ्या माशात अजून, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात सगळं साठतं. आम्ही नमुना घ्यायचो तोही म्हणून चरबीचा. हेक्झेन या द्रावकात उतरवायची, कॉलममधून गाळून साफ करायची आणि सुईने एक थेंबसुद्धा नाही इतकं यंत्रात सोडायचं. मग कागदावर टोक उमटेपर्यंत बसून राहायचं. पाण्याचा नमुना स्वच्छ आणि त्याच पाण्यातला मासा भरलेला, असं आमच्याकडे पुष्कळदा व्हायचं. नवीन मुलं म्हणायची, मॅडम यंत्र बिघडलंय. यंत्र ठणठणीत असायचं.

निळावंती

ताई, काय बोलू! गुंता सुटला आणि काकांचीही सोय झाली. मथळा नक्की वाचून दाखवणार.

आता लोभ वाढला. कार्सनवरच दहा मिनिटं जातील. उरलेल्या दहात यादीतल्या कुणाकुणाला घेऊ? सगळ्यांची नावं वाचून दाखवली तर लोक पेंगतील.

गाळणकागद

दोघींना घ्या. थिओ कोलबॉर्न (१९९९) आणि शीला वॉट-क्लुटिए (२००७). या दोघी कार्सन यांच्या कामाला थेट जोडलेल्या आहेत, त्यामुळे ओढून-ताणून सांधा जुळवावा लागणार नाही.

कोलबॉर्न १९२७ सालच्या. शिक्षणाने फार्मासिस्ट. पुढे कोलोरॅडोत जाऊन मेंढ्या पाळल्या, पक्षी बघितले, नद्यांच्या पाण्याबद्दल शंका यायला लागल्या आणि पन्नाशीत पुन्हा विद्यापीठात जाऊन बसल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाची प्राणिशास्त्रातली पीएचडी मिळाली १९८५ मध्ये, ५८ व्या वर्षी. त्या वयात आपल्यातले लोक निवृत्तीचे कागद गोळा करत असतात.

पुढे काम मिळालं ते अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्सचं. प्रदूषण म्हटलं की त्या काळी एकच प्रश्न विचारला जायचा: कर्करोग होतो का? कोलबॉर्ननी पक्षी, मासे, सस्तन प्राणी यांच्यावरचे अक्षरशः ढीगभर शोधनिबंध वाचले आणि एक मोठा तक्ता मांडला. एका बाजूला प्राण्यांच्या जाती, दुसरीकडे काय काय बिघाड. तक्ता भरल्यावर दिसलं की १६ जातींमध्ये गडबड आहे, पण ती कर्करोगाची नाही. मोठे प्राणी वरवर धडधाकट आणि बिघाड त्यांच्या पिल्लांत. कुठे चोच वाकडी, कुठे थायरॉइड सुजलेली, कुठे अंड्यातून पिल्लूच नाही. म्हणजे रसायनाचा मार आईला बसत नव्हता, आईतून पुढे जात होता. ही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, संदेश बिघडवतात, असा त्याचा अर्थ निघाला.

१९९१ च्या जुलैत त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेडला वेगवेगळ्या शाखांच्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवलं. एरवी हे लोक एकमेकांच्या परिषदांना जात नाहीत. पक्ष्यांवाल्याला माणसाच्या गर्भाचं माहीत नसतं, गर्भवाल्याला माशांचं. 'एंडोक्राइन डिसरप्टर', म्हणजे संप्रेरकांचं काम बिघडवणारं रसायन, हा शब्द आज बाळाच्या दुधाच्या बाटलीवरच्या चर्चेतही येतो, तो त्या बैठकीतून आला. १९९६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, कीटकनाशकांची या अंगाने चाचणी घ्यायचं पर्यावरण खात्यावर बंधन आलं. त्या चाचण्या पुढे किती रखडल्या हा वेगळा संतापाचा विषय, तो राहू द्या. कोलबॉर्न २०१४ मध्ये गेल्या.

त्यांचं मला सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? त्यांनी या टप्प्यावर नवीन प्रयोगच केला नाही. सगळी माहिती आधीच छापलेली होती, शंभर ठिकाणी विखुरलेली. बसून, वाचून, एकाखाली एक लिहून काढणं हे काम कुणी केलं नव्हतं. प्रयोगशाळांत या कामाला कारकुनी म्हणतात आणि ते बहुतेक वेळा बाईकडे येतं. टेबलावरचा ढीग 'तेवढं जरा बघून घ्या' म्हणून माझ्याकडे सरकवला जायचा, तेव्हा मला कोलबॉर्न आठवायच्या.

दुसऱ्या शीला वॉट-क्लुटिए. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या अगदी उत्तर टोकाला नुनाविक नावाचा इनुइट लोकांचा प्रदेश आहे, तिथल्या कूजुआकच्या. लहानपणी प्रवास करायचा तर कुत्र्यांच्या गाडीतून.

आता त्यांच्या प्रदेशात काय घडलं ते ऐका. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एरिक दवई नावाचे डॉक्टर क्वेबेकमधल्या आयांच्या दुधात पीसीबी किती आहे ते मोजत होते. पीसीबी म्हणजे पूर्वी ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात वापरलं जाणारं, डीडीटीसारखंच चिवट रसायन. कारखान्यांजवळच्या बायकांचे नमुने होते. तुलनेसाठी एक स्वच्छ नमुना हवा होता. आम्ही त्याला कंट्रोल म्हणतो, बाकीचं सगळं मोजमाप त्याच्या भरवशावर चालतं. मग नुनाविकचं दूध घेतलं. तिथे कारखाना नाही, शेती नाही, फवारणी नाही, सगळा बर्फ. याहून स्वच्छ कुठे मिळणार?

आणि त्या दुधात पीसीबी दक्षिणेतल्या बायकांच्या कित्येक पटींनी जास्त निघालं.

ज्याने कंट्रोलचा नमुना वर गेलेला बघितला आहे त्यालाच त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत काय झालं असेल ते कळेल. पहिला संशय स्वतःवर येतो. बाटली कुणी धुतली, द्रावण कुठल्या खोक्यातलं, सुई बदलली होती का. सगळं पुन्हा तपासायचं. इथे पुन्हा तपासूनही आकडा तोच. कारण उघड झालं ते असं: ही रसायनं गरम प्रदेशात हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात आणि थंडीत खाली बसतात. उत्तर ध्रुवाकडे जाऊन बसतात, तिथून परत उडत नाहीत. मग प्लवक, मासा, सील, पांढरा बेलुगा देवमासा, आणि त्यांची चरबी खाणारा माणूस. क्लिअर लेकचाच हिशेब, फक्त तळ्याच्या जागी अख्खी पृथ्वी. ज्यांनी ही रसायनं कधी विकत घेतली नाहीत त्यांच्या बाळांच्या तोंडी ती सगळ्यात जास्त जात होती. डॉक्टरांनी सल्ला दिला की अंगावरचं पाजणं बंद करू नका, फायदे अजूनही जास्त आहेत. सल्ला बरोबर होता. पण तो ऐकताना त्या आईला काय वाटलं असेल?

अशा रसायनांवर जागतिक करार करायच्या वाटाघाटी १९९८ मध्ये सुरू झाल्या. वॉट-क्लुटिए इनुइट संघटनेच्या वतीने तिथे गेल्या. १९९९ मध्ये नैरोबीच्या फेरीत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना इनुइट कारागिरीचं एक कोरीव शिल्प भेट दिलं: आई आणि मूल. पुढे वाटाघाटी चालू असताना ते टेबलावर ठेवलेलं असायचं. तिथे बसलेले लोक पीपीएम आणि परिशिष्टं यांवरच भांडत होते, तेच त्यांचं काम, पण समोर ती आई. मे २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, सुरुवातीला १२ रसायनांवर, आणि त्याच्या प्रस्तावनेत ध्रुवीय प्रदेशातल्या मूळ रहिवाशांना असलेल्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख आहे. २००४ मध्ये तो लागू झाला.

नंतर २००५ मध्ये त्या आणि आणखी ६२ इनुइट शिकारी आणि वडीलधारे यांनी अमेरिका खंडांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला: अमेरिकेच्या धुरामुळे आमचा बर्फ वितळतो आहे, हा आमच्या हक्कांचा भंग आहे. आयोगाने अर्ज पुढे नेला नाही, पण मार्च २००७ मध्ये त्यांचं म्हणणं मात्र ऐकून घेतलं. हवामानबदल म्हणजे अस्वलांचा नाही, माणसांच्या हक्कांचा प्रश्न, ही मांडणी आज सर्रास ऐकू येते. तेव्हा ती नवी होती.

आडवाट

ताई, हे वाचून अंगावर काटा आला, पण एक खडा टाकतो. माझी नोकरी संघटनेच्या कार्यालयातली, त्यामुळे पुरस्कार म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो: बाकीचे कुठे गेले? तुम्हीच म्हणालात, अर्जावर आणखी ६२ नावं होती. चौथऱ्यावर एकच जण उभी राहते. पुरस्कार बाईचा असो की बुवाचा, फोटोत एकच चेहरा येतो आणि मोर्चात चाललेले सगळे चौकटीबाहेर.

याला मला आवडलेला एक अपवाद आहे, निळावंतीला उपयोगी पडेल. गोल्डमन पुरस्कार. स्त्रियांसाठी राखीव नाही, १९९० पासून जगाच्या सहा विभागांतल्या तळातल्या कार्यकर्त्यांना देतात. केनियाच्या वांगारी मथाईंना तो १९९१ मध्ये मिळाला, नोबेलच्या तेरा वर्षं आधी. पण मी म्हणतोय ते २००४ चं. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, भोपाळच्या, दोघींना मिळून. गॅसकांडानंतर त्या एका स्टेशनरी कारखान्यात कामाला लागल्या, तिथे मजुरीसाठी बायकांची संघटना बांधली आणि १९८९ मध्ये पंतप्रधानांना भेटायला बायका-मुलं घेऊन भोपाळहून दिल्लीला चालत गेल्या. पुढे युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ कंपनीच्या विरोधात त्यांच्या मोहिमेने झाडू हातात घेतला.

पुरस्काराच्या पैशांतून दोघींनी चिंगारी ट्रस्ट काढला. विषारी वायू आणि दूषित पाण्याचा फटका बसलेल्यांच्या पोटी जन्मलेल्या अपंग मुलांवर तिथे उपचार होतात. आणि त्याच ट्रस्टतर्फे त्यांनी कंपन्यांच्या गुन्ह्यांविरुद्ध लढणाऱ्या भारतातल्या स्त्रियांसाठी स्वतःचा पुरस्कार सुरू केला. म्हणजे मिळालेला पुरस्कार फोडून पुढे वाटला. असं असेल तर माझी तक्रार नाही.

गाळणकागद

आडवाट, खडा योग्य जागी बसला. कार्सन यांचंही तेच आहे. जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा हकिन्स या त्यांच्या ओळखीच्या बाईंनी कळवलं की विमानातून डास मारायला फवारणी झाली आणि आवारातले पक्षी मरून पडले. लाँग आयलंडवर दोघी बागायतदार मैत्रिणी सरकारी फवारणीविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. त्या हरल्या, पण खटल्याचे जाडजूड कागद कार्सनना त्यांच्याकडूनच मिळाले. निळावंती, या तिघींना एक वाक्य द्याच.

स्पष्टवक्ता

सगळे कार्सनबाईंची आरती ओवाळताय. माझ्या मलेरियाच्या मुद्द्याचं काय झालं? उत्तर नाही म्हणून बगल दिली असं समजू का?

गाळणकागद

बगल नाही हो, ओळ लागली होती.

एक, कार्सननी सरसकट बंदी मागितलेली नाही. कीटकनाशक कधीच वापरू नये असं माझं म्हणणं नाही, हे त्यांनी पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणणं होतं ते परिणाम न तपासता, न विचारता, विमानाने सगळ्यांच्या डोक्यावर ओतण्याबद्दल.

दोन, अमेरिकेतली बंदी १९७२ ची. बाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती. ती मुख्यतः त्या देशातल्या शेतीतल्या वापरावर होती, मलेरियावाल्या देशांना डीडीटी नाकारणारी नव्हती. मी वर सांगितलेल्या स्टॉकहोम करारातही डासांच्या नियंत्रणासाठी डीडीटीला सवलत ठेवलेली आहे.

तीन, तुमच्या मुद्द्यासाठी नेहमी श्रीलंकेचं उदाहरण देतात, तेही घ्या. १९६३ मध्ये तिथे मलेरियाचे रुग्ण होते फक्त १७. रोग संपला असं वाटून फवारणी थांबवली. म्हणजे यशामुळे थांबवली, पुस्तकामुळे नाही. १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर लोक आजारी पडले. पुन्हा डीडीटी काढलं तर डास आता त्याला दाद देईनात, शेवटी मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाकडे वळावं लागलं. डास निर्ढावतील याचा इशारा ज्या पुस्तकात दिला होता ते हेच. शेतात डीडीटी वारेमाप मारलं की गावातला डास निर्ढावतो, आणि मग आजाऱ्याच्या घरात मारायला हातात काही उरत नाही. मलेरियासाठी डीडीटी टिकवायचं असेल तर ते कपाशीवर उधळू नका, असंच त्यातून निघतं.

स्पष्टवक्ता

श्रीलंकेचं हे माहीत नव्हतं. वाचून बघतो. वेगळ्या कप्प्याबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

आडवाट

धागा शंभरीआधीच आटोपणार की काय!

निळावंती

ठरलं. सुरुवात स्टावांगरपासून, मग मथळा, क्लिअर लेक, कोलबॉर्नचा तक्ता, नुनाविकचं दूध. भोपाळच्या दोघींनी काय केलं ते शेवटी, प्रश्नोत्तरांत काकांनी कप्प्याचा विषय काढला तर.

ताई, एकच शेवटचं. गटात दोन इंजिनिअर आहेत, त्यांना विषारी रसायनांपेक्षा पाण्याच्या हिशेबात रस असतो. यादीत पाण्यावाली कुणी आहे का? दोन मिनिटांपुरती.

गाळणकागद

आहे की. मालिन फाल्केनमार्क, स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ, पुरस्कार २००५ चा. एखाद्या देशात पाणी पुरेसं आहे की नाही हे माणशी किती येतं त्यावरून मोजायची पट्टी त्यांनी दिली: १७०० च्या खाली गेलं की ताण, १००० च्या खाली टंचाई, ५०० च्या खाली कमालीची टंचाई. शिवाय नदी-तलावातलं 'निळं' पाणी आणि मातीत मुरून पिकाला मिळणारं 'हिरवं' पाणी असे दोन हिशेब वेगळे करायला त्यांनीच शिकवलं. धरणं मोजणारे लोक हिरवं पाणी मोजायचं विसरतात, हे इंजिनिअरांना जरूर ऐकवा. २०२३ मध्ये त्या गेल्या, जवळजवळ शेवटपर्यंत लिहीत होत्या.

आणि फळ्यावर १७०० लिहाल तेव्हा पुढे 'घनमीटर, माणशी, दरवर्षी' एवढं पूर्ण लिहा. नुसता आकडा लिहिला की निम्मे लोक लिटर समजतात आणि मग प्रश्नोत्तरं त्यातच संपतात.